जहिदाबीची हरकत

जहिदाबीच्या हातचा मार खाल्ला नाही असा पुरुष तिच्या जवळच्या नात्यात एकही नव्हता. मालेगावात, बापाच्या घरी, थोरल्या भावाने चेष्टा म्हणून ती सुताच्या कांड्या भरत असताना धागा ओढला तेव्हा तिने हाताशी पडलेला धोटा फेकून मारला. विणकराचा धोटा म्हणजे दोन्ही टोकांना लोखंड बसवलेलं लाकूड. भुवईला खोक पडली ती कायमची. पुढे तोच भाऊ, अकबर, येणाऱ्या-जाणाऱ्याला ती खूण कौतुकाने दाखवायचा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात नवऱ्याने, बद्रुद्दीनने, सालन अळणी झालं म्हणून तिच्या कानाखाली वाजवली. तिने त्याला पोटभर जेवू दिलं, आणि हात धुवायला पाणी घालता घालता तांब्या त्याच्या टाळक्यात घातला. त्यानंतर दोघांचा संसार फार सुखाचा झाला, हे मी थट्टेने सांगत नाही. बद्रुद्दीन मेला तेव्हा ती तीन दिवस जेवली नव्हती.

स्वतःच्या भावांशी पटेना म्हणून बद्रुद्दीन तिला घेऊन नाशकात आला होता. आमच्या तांबट आळीच्या मागच्या बोळीत त्याने दोन खोल्या घेतल्या, पुढच्या खोलीत खड्डा खणून माग बसवला, आणि दोन वर्षांत छातीच्या दुखण्याने गेला. आता ही बाई मालेगावला परत जाणार असं सगळ्यांनी धरलं होतं. चाळिसावा झाला आणि ती स्वतः मागावर बसली. विणकराच्या घरच्या बायकांनी धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भराव्यात, माग चालवू नये, असा रिवाज. नवऱ्याचा चुलतभाऊ रहेमान सूत आणून द्यायचा आणि तयार लुगडी बाजारात न्यायचा. हे काही बरं दिसत नाही, असं त्याने एकदाच सुचवलं. जहिदाबी मागावरून उठली. त्यानंतर रहेमान तिच्याशी उंबऱ्याच्या बाहेरूनच बोलायचा, आणि तेही लुगड्यांबद्दलच.

तिचं सगळं आयुष्य त्या मागावर होतं आणि माग एका भिंतीवर होता. पांढऱ्या मातीची जुनी भिंत. मागाचा मागचा खांब तिच्यात रोवलेला, छपराची मोठी तुळई तिच्यावर टेकलेली. भिंतीच्या पलीकडे भिका तांबट. त्याच्या बाजूच्या तुळयाही त्याच भिंतीवर. भिंत दोघांची, सामाईक.

भिका दिवसभर हंडे-घंगाळी ठोकायचा. ठोक्यांनी जहिदाबीचे धागे तुटायचे. मग ती मुसळ घेऊन भिंतीवर हाणायची, की त्याच्या बाजूचे पोपडे त्याच्या भाकरीत पडायचे. दोघेही भांडकुदळ, दोघांचाही हात लगेच सुटणारा. पण दोघांना एका मापाने मोजायला मी तयार नाही. जहिदाबीचा राग चारचौघांत, दिवसाउजेडी, समोरच्या माणसावर निघायचा. भिका बाहेर सगळ्यांशी गोड. कुणाचं भांडं फुटलं तर हसत डाग देऊन देणार, देवळातल्या समया घासून देणार. त्याचा राग दार लावल्यावर बाहेर पडायचा, आणि तो फक्त वत्सलाबाईला ठाऊक होता.

वत्सलाबाई त्याची बायको. माहेर नांदगावचं. मूलबाळ नाही, तेवढं कारण त्याला पुरत होतं. आणि कारण नसलं तरी त्याचं अडत नव्हतं. ठोके थांबले की दुसरे ठोके सुरू व्हायचे. आळीला ऐकू जायचे आणि आळी भजनाला बसायची. जहिदाबीला मात्र भिंतीशी बसून ते ऐकवेना. ती मुसळाने भिंत बडवायची, तेव्हा भिका थोडा वेळ थांबायचा. पुढे पुढे, तो बाहेर गेला की वत्सलाबाई एखादी वाटी घेऊन भिंतीवर हळूच वाजवायची, म्हणजे मी जिवंत आहे. जहिदाबी मुसळाने उत्तर द्यायची. मग भिंतीला तोंड लावून दोघी बोलत. जहिदाबी मराठी शिकली ते असं, भिंतीतून आलेलं. भाकरी, चूल, दुखतंय, गेला का तो, पाणी, हळू बोल. एवढ्या शब्दांवर तिची गुजराण चालली होती.

एका दुपारी मुसळाने भिंत बडवूनही पलीकडचा आवाज थांबला नाही. जहिदाबी तेच मुसळ घेऊन भिकाच्या दारात गेली, दार लाथेने उघडलं, आणि चुलीपाशी बायकोच्या पाठीत काथ्याचा दोर घालणाऱ्या भिकाला तिने अंगणात ओढून बदडला. अर्धी आळी बघत होती. एका बाईने, त्यातही मोमिणीने, मुसलमान विणकराच्या बाईने, भिकाचं नाक फोडलं होतं. नाकापेक्षा ते लोकांनी बघितलं हे त्याला जास्त लागलं. पण तो फिर्याद द्यायला गेला नाही. बाईच्या हातचा मार खाल्ला, तोही बायकोला मारताना, हे सांगणार कसं?

पुढच्या हिवाळ्यात रजिस्टर टपालाने जहिदाबीला नोटीस आली. भिकाने वकील गाठला होता. त्याला घरावर मजला चढवायचा होता, जुनी भिंत तो भार पेलणार नव्हती, म्हणून ती पाडून नवी बांधायची होती. त्यात भलतं काही नव्हतं. रहेमान तेव्हा सुतासाठी मालेगावला गेलेला. जहिदाबी कागद घेऊन सरकारवाड्याकडे गेली. तिथे पायऱ्यांच्या बाजूला सतरंजी टाकून अर्ज लिहून देणारे बसायचे. त्यांच्यातल्या एकाने चष्मा सारखा करून नोटीस वाचली. वकिली मराठी, एका दमात वाचलेलं. त्यातून तिच्या हाती दोनच शब्द लागले. एक भिंत. दुसरा शेवटी आला, “सदर भिंतीचे कामी आपली काही हरकत असल्यास पंधरा दिवसांचे आत लेखी कळवावे.”

हरकत!

मालेगावच्या विणकरांच्या बोलीत हरकत म्हणजे आगळीक. पोराने खोडी काढली की आई म्हणते, ये क्या हरकत है. मराठीत आपण दिवसातून दहा वेळा हरकत नाही म्हणतो, मग इतकी वर्षं नाशकात राहून तिला तो शब्द कसा कळला नाही, असं कुणी विचारील. तिचं मराठी वत्सलाबाईकडून आलेलं होतं. आणि वत्सलाबाईला तुझी काही हरकत आहे का म्हणून जन्मात कुणी विचारलं नव्हतं. तिच्याकडे जो शब्द नव्हता तो ती दुसऱ्याला कुठून देणार?

जहिदाबीला वाटलं, भिकाने मुसळाचं प्रकरण सरकारात नेलं. भिंतीपलीकडे जाऊन तुम्ही आगळीक केली असल्यास लिहून द्या, असं तो विचारतो आहे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोला जनावरासारखं मारणारा हा, आणि आगळीक तिची?

“लिखो,” ती म्हणाली. “मेरी कोई हरकत नई. जो किया सो बराबर किया. फिर मारेगा तो फिर करूँगी.”

लिहिणाऱ्याने पहिलं वाक्य शुद्ध मराठीत लिहिलं, माझी काही हरकत नाही. पुढचं त्याला फापटपसारा वाटला, तो त्याने गाळला. जहिदाबीने उर्दूत झोकात सही केली आणि मोठी लढाई मारल्यासारखी घरी आली.

भिकाला तो कागद मिळाल्यावर विश्वास बसेना. त्याने आठवडाभरात गवंडी लावले.

त्या सकाळी ती मागावर होती. उभ्या धाग्यांचा नवा ताणा चढवलेला, हिरव्या लुगड्याचा, जेमतेम हातभर विणून झालेला. पलीकडून पहिला घाव बसला तेव्हा नेहमीचे ठोके समजून तिने मुसळाने उत्तर दिलं. दुसऱ्या घावाला भिंतीतून मातीचा लोट आला. ती ओरडत बाहेर धावली. भिका तिच्या सहीचा तो कागद हातात धरून उभा होता, आणि गवंड्यांना म्हणत होता, चालू द्या. तिने एका गवंड्याच्या हातातली कुदळ हिसकावली. दुसऱ्याने तोवर भिंतीचा मधला भाग ढकलला. तुळई सुटली, आणि कौलं, वासे, माती असं सगळं मागावर येऊन बसलं. माग मोडताना झालेला आवाज हाड मोडल्यासारखा होता, असं ती पुढे सांगायची. हिरवा ताणा मातीखाली गेला.

ती ढिगाऱ्यात शिरली. लोकांना वाटलं रडायला गेली. ती धोटा शोधत होती. सापडला तशी वळली आणि फेकला. लहानपणी भावाला बसला होता त्याच जागी, भुवईवर, तो भिकाला बसला. रक्ताने डोळा भरला तसा भिका पिसाळला. त्याने हातोडा उचलला. जहिदाबी ढिगाऱ्यातला खांब धरून उभी होती. तो डोक्यावर मारायला गेला, आणि वत्सलाबाईने मागून त्याचा सदरा ओढला, म्हणून घाव डोक्यावर न बसता खांब धरलेल्या हातावर बसला. डाव्या हाताची दोन बोटं चेचली. ती दोन्ही पुढे डॉक्टरांना काढावी लागली.

रहेमान परत आला आणि त्याने दावा लावला. कोर्टाने निकाल लागेपर्यंत काम थांबवलं. म्हणजे झालं असं, की दोन घरांच्या मध्ये आता भिंतच उरली नाही. भिकाने तरट टांगलं. कोर्टाचं काम कोर्टाच्या चालीने चाललं आणि ते तरट उन्हाळाभर, पावसाळाभर लटकत राहिलं.

वत्सलाबाईच्या लग्नानंतरचे तेवढेच बरे महिने. भिकाने हात उचलला, की तरट बाजूला व्हायचं आणि तीन बोटांच्या हाताने खांबाला टेकून, उजव्या हातात धोटा घेऊन जहिदाबी उभी राहिलेली दिसायची. भिकाचा हात खाली यायचा. रहेमानने माग सांधून दिला होता, पण डाव्या हाताने धोटा झेलता येईना, म्हणून विणणं निम्म्यावर आलं. वत्सलाबाई तरटाखालून हात घालून तिच्या कांड्या भरून द्यायची. भिका ठोकायला बसला की दोघी हळू आवाजात बोलायच्या. जहिदाबी तिला म्हणायची, देख उसकी हरकतें, आणि वत्सलाबाई तोंडाला पदर लावून हसायची. ती हसते हे आळीला तेव्हा कळलं.

दावा उभा राहिला. भिकाच्या वकिलाने तो कागद काढला. सही माझी नव्हे असं म्हण, असं जहिदाबीच्या वकिलाने तिला पढवलं होतं. खोटं बोलायला सांगतो म्हणून ती त्याच्यावरच उखडली होती. आता तिला विचारलं, सही तुमची? तिने हो म्हटलं. यात लिहिलं आहे की माझी काही हरकत नाही, हे खरं? जहिदाबी ताठ झाली.

“सौ दफे सच. मेरी कोई हरकत नई. खुदा की कसम.”

भिका हसला. तिच्या वकिलाने कागद मिटायला घेतले.

पुढची साक्ष वत्सलाबाईची होती, आणि ती भिकाच्या बाजूची. या बाईने माझ्यादेखत भिंत पाडायला होकार दिला, एवढं एक वाक्य तिच्याकडून घरी घोकून घेतलं होतं. घोकून कसं घेतलं असेल ते सांगायला नको. त्या वेळी तरट खिळ्यांनी ठोकून बंद केलेलं होतं आणि जहिदाबी वकिलाकडे गेलेली. वत्सलाबाई पिंजऱ्यात उभी राहिली, नवऱ्याकडे बघितलं, आणि ते वाक्य काही तिच्या तोंडून निघेना. जहिदाबीची शपथ तिने नुकतीच ऐकली होती. तरटाआडून महिनोन्महिने ऐकलेला तो शब्द आत्ता तिला उलगडला होता.

“साहेब,” ती म्हणाली, “तिच्या बोलीत हरकत म्हणजे खोडी. ती म्हणते, मी खोडी केली नाही. ह्यांनी मला मारलं तेव्हा ती मधे पडली होती, तेच तुम्ही विचारताय असं तिला वाटतंय. भिंत पाडायला ती हो म्हणाली नाही.”

हे तुम्हाला कसं ठाऊक, असं साहेबांनी विचारलं. तेव्हा तिने सांगितलं की भिंत पातळ होती, सगळं ऐकू यायचं.

जहिदाबी दावा जिंकली. भिकाने स्वतःच्या खर्चाने भिंत बांधून द्यावी, तिचं छप्पर उभं करून द्यावं, असा हुकूम झाला. जिंकल्यावर माणूस जे करतं तेच तिने केलं. बोळीत उभी राहून तिने गवंड्यांना बजावलं, मोटी बांधो, पक्की बांधो, परत पडली नाही पाहिजे, आणि याचा ठोका माझ्या धाग्याला लागता कामा नये. भिकाने मान डोलावली. पक्की वीट आणली, चुना आणला, हातभराहून जाड भिंत उभी केली. जहिदाबीचं म्हणणं त्याने जन्मात तेवढंच एकदा ऐकलं.

भिंत झाली तशी जहिदाबी मागावर बसली. धागे तुटत नव्हते. पलीकडचे ठोके दूरच्या आळीतून आल्यासारखे येत. दोन दिवस तिला फार बरं वाटलं. मग तिने मुसळाने भिंतीवर मारून पाहिलं. वाटी वाजली नाही. पाण्याला वत्सलाबाई दिसेना. दारात जाऊन विचारलं, तर भिका अगदी गोड आवाजात म्हणाला की ती नांदगावला गेली आहे, भावाकडे. आळीतल्या बायकांनीही तेच सांगितलं, कारण त्यांना भिकाने तेच सांगितलं होतं. नवऱ्याविरुद्ध कोर्टात बोललेली बाई लगेच माहेरी जाते आणि भाऊ तिला ठेवून घेतो, यावर आमच्या आळीने विश्वास ठेवला. त्या आळीचा मला आजही संताप येतो. नांदगाव काही लंकेत नव्हतं. रोज गाडी जात होती, कुणीही चौकशी केली असती.

जहिदाबीने रहेमानला नांदगावला पाठवलं. वत्सलाबाई तिथे नव्हती.

भिका दाराला लोखंडी पट्टी आणि कुलूप ठोकून भांडी घेऊन बाजारात गेल्यावर, भर दुपारी, तिने रहेमानकडून पहार मागून घेतली आणि स्वतः मागून घेतलेली ती भिंत फोडायला लागली. चुना अजून पुरता कडक झाला नव्हता. तरी वीट वीट होती. तीन बोटांच्या हातातून पहार निसटायची, त्या हाताची कातडी सोलली, तशी तिने पहार ओढणीने मनगटाला बांधली. आळी जमली. काय करतेस म्हणून विचारणाऱ्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही. भगदाड माणूस जाईल एवढं झालं, तशी ती आत घुसली.

वत्सलाबाई भिंतीलगतच पडलेली होती, भांड्यांच्या उतरंडीमागे. पाय बांधलेले, हात पाठीमागे बांधलेले. तोंडावर फडकं आवळलेलं, आणि त्याखाली जबडा एका बाजूला सरकलेला. बांधलेल्या हातांत एक वाटी होती. तिची कड सगळी चेपून गेली होती. इतके दिवस ती वाजवत होती, आणि पलीकडे काही ऐकू जात नव्हतं.

जहिदाबीने तिला भगदाडातून आपल्या घरात ओढून घेतलं. तेवढ्यात कुणी तरी सांगावा दिल्यामुळे भिका धावत आला आणि हातोडा घेऊन त्याच भगदाडातून आत शिरायला लागला. आधी त्याचा गुडघा आला. मनगटाला बांधलेली पहार तिने दोन्ही हातांनी उचलली आणि त्या गुडघ्यावर घातली. एकदा, आणि तो किंचाळत असताना पुन्हा एकदा. भिका पुढे जन्मभर लंगडला. मला त्याची दया येत नाही.

पोलीस आले, पंचनामा झाला, भिका काही महिने आत जाऊन आला. वत्सलाबाईचा जबडा जुळला, पण वाकडा. तिचं बोलणं फक्त जहिदाबीला कळायचं, बाकीच्यांना नुसता घोगरा आवाज ऐकू यायचा. नांदगावहून भाऊ आले, मोमिणीच्या दारात उभे राहिले, पाणीसुद्धा न घेता निघून गेले, आणि गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, तिच्या नावाने आंघोळ करून मोकळे झाले. आळीला भिकाच्या हातोड्यापेक्षा या गोष्टीचा जास्त घोर लागला होता, की वत्सलाबाई आता कुणाच्या हातचं खाते. ती जहिदाबीच्याच घरात स्वतःची चूल वेगळी मांडून स्वतःच्या हातचं खात होती, आणि जहिदाबीच्या कांड्या भरत होती. भगदाड तसंच होतं. त्याला एक तरट लावलेलं, पलीकडे भिका काय करतो ते दिसावं, ऐकू यावं म्हणून.

आणि मग भिकाची दुसरी नोटीस आली. सामाईक भिंत आपण फोडली आहे, ती आम्ही आमच्या खर्चाने बुजवून पूर्ववत करणार आहोत, तरी आपली काही हरकत असल्यास पंधरा दिवसांचे आत लेखी कळवावे.

या खेपेला दोघी मिळून सरकारवाड्यावर गेल्या. लिहिणारा तोच होता. मागचा घोटाळा त्याच्याही कानावर गेला होता, म्हणून त्याने नोटीस सावकाश वाचली आणि सावकाश विचारलं, बाई, हरकत आहे म्हणजे तुम्हाला नक्की काय म्हणायचं आहे? भिंत बुजवायला तुमची ना आहे, की भिंत फोडली ती आगळीक तुम्ही कबूल करताय?

“दोन्ही,” जहिदाबी मराठीत म्हणाली. “लिहा. हरकत आहे.”

त्याने लिहिलं. तिने उर्दूत सही केली. कागदाच्या खाली थोडी जागा उरली होती. जहिदाबीने कागद आपल्या बाजूला बसलेल्या बाईकडे सरकवला आणि लिहिणाऱ्याला सांगितलं, हिलापण विचारा.

लिहिणारा घुटमळला, मग त्याने वत्सलाबाईला विचारलं, तुमची काही हरकत आहे का?

वत्सलाबाईने समोरच्या कागदावर हात ठेवला. मग तिच्या वाकड्या जबड्यातून काही तरी आवाज निघाला. लिहिणाऱ्याला तो समजला नाही. त्याने जहिदाबीकडे पाहिलं.

“आहे म्हणते,” जहिदाबी म्हणाली. “लिहा.”